जीटीओचा बोकड आणि हेमीचा हत्ती

1964 च्या हंगामासाठी अमेरिकेतील पाँटियाक कंपनीने 'टेम्पेस्ट' या मध्यम आकाराच्या गाडीत, एरवी मोठ्या गाड्यांत बसणारे 389 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटर क्षमतेचे व्ही-8 इंजिन बसवले. जनरल मोटर्स या मूळ कंपनीने अशा गाड्यांसाठी 330 घनइंचांची मर्यादा घातलेली होती. तेव्हा ही वेगळी गाडी नसून जादा पैसे भरून घ्यायचा एक संच आहे, अशी पळवाट काढण्यात आली. संचाचे नाव ठेवले 'जीटीओ', आणि ते पाँटियाकचे मुख्य अभियंते जॉन डीलोरियन यांनी फेरारीच्या 250 जीटीओवरून सरळ उचलले होते. 'ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो' या मूळ इटालियन शब्दांचा अर्थ 'ग्रँड टूरिंग शर्यतींसाठी नियमानुसार मान्यता मिळालेली' असा होतो. पाँटियाकच्या गाडीला अशी मान्यता नव्हतीच, त्यामुळे फेरारीचे भक्त चिडले. तरुण गिऱ्हाइकांनी मात्र पहिल्याच वर्षी 32 हजारांहून अधिक गाड्या घेतल्या आणि त्या भारदस्त आद्याक्षरांत एक 'ए' घुसवून आणि अक्षरे मागेपुढे करून तिला 'गोट', म्हणजे बोकड, करून टाकले.

मध्यम अंगाची गाडी आणि तिला पेलवेल की नाही अशी शंका यावी एवढे इंजिन, ही मसल कारची ढोबळ ओळख. तिला एक नाव कंपनी देते आणि दुसरे गॅरेजमध्ये किंवा शर्यतीच्या पट्टीवर पडते. माझ्या मते यंत्राविषयी खरी माहिती बहुतेक वेळा या दुसऱ्या नावात असते.

कंपन्यांचा ओढा प्राण्यांकडे होता. प्लिमथची 'बॅराकुडा' (एक शिकारी मासा) 1 एप्रिल 1964 रोजी आली, फोर्डची 'मस्टँग' (रानटी घोडा) 17 एप्रिलला. जर्मनीत 'मस्टँग' या नावाचा हक्क आधीच क्रुप कंपनीकडे असल्याने तिथे हीच गाडी 'टी-5' या रुक्ष नावाने विकावी लागली. 1966 मध्ये शेव्हरोलेने 'कमॅरो' जाहीर केली, तेव्हा पत्रकारांनी या शब्दाचा अर्थ विचारला. मस्टँग खाणारा एक छोटा, दुष्ट प्राणी, असे उत्तर त्यांना मिळाले. प्लिमथने तर 1968 मध्ये 'रोड रनर' या कार्टूनमधल्या पक्ष्याचे नाव वॉर्नर ब्रदर्सला पैसे मोजून घेतले आणि त्या पक्ष्यासारखा 'बीप बीप' करणारा हॉर्नही गाडीला बसवला.

काही नावे म्हणजे नुसता हिशेब. 1964 च्या ओल्ड्समोबिल '442' मधला पहिला चार म्हणजे चार नळ्यांचा कार्ब्युरेटर (हवा आणि इंधन मिसळणारा भाग), दुसरा चार म्हणजे चार गिअर आणि दोन म्हणजे धूर सोडणारे दोन पाइप. कमॅरोचे 'झेड-28' हे तर कारखान्याच्या मागणीपत्रकावरचे सांकेतिक अक्षर-अंक होते. तेच पुढे बॉनेटवरच्या पट्ट्यांइतके प्रसिद्ध झाले.

गॅरेजची भाषा याहून नेमकी होती. शेव्हरोलेच्या लहान व्ही-8 इंजिनाला 'माउस', म्हणजे छोटा उंदीर, म्हणत. त्यामुळे मोठे इंजिन आले तेव्हा ते ओघानेच 'रॅट', म्हणजे मोठा उंदीर, झाले. या मोठ्या इंजिनातले व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, एका रांगेत सरळ उभे नसून वेगवेगळ्या कोनांत कललेले असतात. वरचे झाकण काढले की त्यांच्या दांड्या साळिंदराच्या काट्यांसारख्या दिसतात, म्हणून त्याच्या हेडला, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेल्या वरच्या भागाला, 'पॉर्क्युपाइन' हे नाव पडले. आपल्याकडे मोटारसायकलला 'फटफटी' म्हणणाऱ्यांनी कानाचा पुरावा घेतला, इथे डोळ्यांचा.

'शेकर', म्हणजे थरथरणारा, या नावात तर भौतिकशास्त्राचा एक धडाच आहे. हवा ओढून घेणारे तोंड या प्रकारात बॉनेटला जोडलेले नसते. ते थेट इंजिनावर बसवून बॉनेटच्या भोकातून बाहेर काढलेले असते. उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर झटक्याने दाबला की क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचा, वेग एकदम वाढतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून इंजिनाचा सांगाडा रबरी माउंटिंगवर उलट बाजूला कलतो. बॉनेट जागचे हलत नाही, पण त्यातून वर आलेले ते तोंड एका अंगाला झुकते आणि पाय काढताच थरथरत जागेवर येते. न्यूटनचा तिसरा नियम काचेतून बघायला मिळावा, अशी ही सोय आहे.

सगळ्यांत वजनदार नाव 'हेमी'. 'हेमिस्फिअर' म्हणजे अर्धगोल, आणि इंधन जळण्याची पोकळी घुमटासारखी असल्याने हे नाव आले. सारख्याच घनफळाच्या इतर आकारांपेक्षा घुमटाचा पृष्ठभाग कमी, त्यामुळे भिंतींतून वाया जाणारी उष्णताही कमी. शिवाय घुमटाच्या दोन उतारांवर समोरासमोर मोठे व्हॉल्व्ह बसतात. हवा एका बाजूने आत येते आणि धूर दुसऱ्या बाजूने निघून जातो. किंमत एवढीच की व्हॉल्व्ह हलवणारी यंत्रणा पसरट होते आणि हेड रुंद व जड होते. म्हणूनच क्रायस्लरच्या 426 घनइंची हेमीला 'एलिफंट' म्हणू लागले. 1964 च्या डेटोना 500 शर्यतीत हेमी बसवलेल्या प्लिमथ गाड्यांनी पहिले तीन क्रमांक घेतले आणि रिचर्ड पेटी विजेते ठरले. सामान्य गिऱ्हाइकाला न मिळणारे इंजिन शर्यतीत चालणार नाही, अशी भूमिका पुढे या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार संस्थेने घेतली, आणि 1966 पासून हा हत्ती रस्त्यावरच्या गाड्यांतही मिळू लागला.

2003 च्या मॉडेलपासून क्रायस्लरने 5.7 लिटरच्या नव्या इंजिनाला पुन्हा 'हेमी' हेच नाव दिले. त्याची पोकळी मात्र चपटी केलेली आहे आणि तिला अर्धगोल म्हणणे भूमितीच्या शिक्षकाला पटणार नाही.