सीएनजी किट, बॅटरीची गाडी की आहे तेच पेट्रोल?

आमच्या इंदूरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इंदुरात पेट्रोलने 2021 मध्ये शंभरी गाठली. तेव्हापासून सर्व्हिसिंगला गाडी आणणारे निम्मे लोक जाता जाता विचारतात, "किट बसवून टाकू का?" किट बसवणं हा आमचा धंदाच आहे, तरीही आमचं उत्तर दरवेळी "हो" नसतं.

भाव उतरायची वाट बघत बसण्यात फारसा अर्थ नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. त्यावर केंद्राचा कर आणि त्यावर आपल्या मध्य प्रदेशाचा: पेट्रोलवर 29 टक्के व्हॅट, शिवाय लिटरमागे अडीच रुपये आणि एक टक्का सेस. म्हणूनच दाहोदकडे निघालेले जाणकार गुजरातची हद्द लागेपर्यंत टाकी जेमतेम ठेवतात. राजवाडा ते विजयनगर रोज ये-जा करणाऱ्याला ही युक्ती काय कामाची?

आधी किलोमीटर मोजा

पेट्रोल 106 रुपये आणि शहरात गाडीचं अॅव्हरेज 16 धरलं, तर किलोमीटरला साधारण 6 रुपये 60 पैसे पडतात. सीएनजी किलोला 92 रुपये आणि अॅव्हरेज 22 धरा. खर्च येतो 4 रुपये 20 पैसे. म्हणजे किलोमीटरमागे 2 रुपये 40 पैसे वाचले. चांगलं सिक्वेन्शियल (इंजिनात गॅस पाळीपाळीने सोडणारं) किट, सिलिंडर आणि फिटिंग मिळून 60 हजार धरले, तर पैसे वसूल व्हायला गाडी 25 हजार किलोमीटर चालावी लागते. पंपावरचा आजचा भाव आणि तुमच्या गाडीचं खरं अॅव्हरेज घालून हाच हिशेब घरी करून पाहा.

पीथमपूरला रोज नोकरीला जाणाऱ्याचे महिन्याला 1500 किलोमीटर सहज होतात. त्याचं किट दीड वर्षाच्या आत फिटतं. पण गाडी फक्त भाजी, देऊळ आणि रविवारी नातेवाइकांकडे जायला निघत असेल, महिन्याला 400 किलोमीटरच होत असतील, तर पाच वर्षं उलटतील आणि तोवर गाडी विकायची वेळ येईल. अशांना आम्ही सरळ सांगतो, किट नको. टायरमधली हवा आणि एअर फिल्टर सांभाळा, तेवढं पुरे.

सीएनजी कायम स्वस्तच राहील हेही गृहीत धरू नका. देशात वापरला जाणारा जवळपास निम्मा नैसर्गिक वायूही आयातच होतो.

किट बसवायचं ठरलं तर

बीएस-6, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या गाड्यांमध्ये बाहेरून किट बसवायला केंद्राने 2022 मध्ये परवानगी दिली. मात्र तुमच्या मॉडेलसाठी मंजूर असलेलंच किट हवं. बसवल्यावर आरसीवर इंधनाची नोंद बदलून घ्यायची आणि विमा कंपनीलाही कळवायचं. "आरटीओचं नंतर बघू" म्हणणारा स्वस्तातला फिटर तुमचे चार-पाच हजार वाचवतो, पण अपघात झाल्यावर क्लेम अडकला की तो फोन उचलत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

सिलिंडरमध्ये गॅस 200 बार दाबाने भरलेला असतो. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासणी, लागते. तारीख गॅस भरायच्या व्हॉल्व्हजवळच्या पट्टीवर असते आणि ती उलटली की पंपवाला गॅस देत नाही. आमच्याकडे प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बघतो. मोहरीएवढा बुडबुडा आला तरी नट पुन्हा उघडला जातो. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन; तो हवेपेक्षा हलका असल्याने गळला तर वर निघून जातो. एलपीजी मात्र जड, तो खाली साचतो. म्हणून स्वयंपाकघरातला सिलिंडर गाडीला जोडून द्या, असं कृपया आम्हाला सांगू नका. ते बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारंही.

डिकी गेली असंच समजा. गाडीची ओढही थोडी कमी होते. पुण्या-नाशिकला सहकुटुंब, सामानासकट निघालात तर सेंधव्यानंतर बिजासन घाटात गाडी पेट्रोलवर घ्या. आणि मे महिन्यात गॅस सकाळी भरा, कारण तापलेल्या सिलिंडरमध्ये त्याच दाबाला गॅस कमी मावतो.

"कचऱ्याचा गॅस चालेल का?" असंही विचारलं जातं. देवगुराडियाचा प्रकल्प फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला. रोज 550 टन ओला कचरा पचवून 17 हजार किलो बायो-सीएनजी काढायची त्याची क्षमता आहे. त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. शुद्ध केल्यावर तो नव्वद टक्क्यांहून जास्त मिथेनच असतो, इंजिनाला फरक पडत नाही. आपण हिरव्या डब्यात टाकलेल्या केळीच्या सालांवर बस चालते, याचं आम्हाला इंदूरकर म्हणून कौतुक आहेच.

बॅटरीची गाडी

एका युनिटमध्ये छोटी गाडी सहा-सात किलोमीटर जाते. घरच्या विजेचा दर 7 रुपये धरला तर किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया पडतो. याच्या जवळपासही दुसरं काही नाही. पण हे घरी चार्ज करणाऱ्याचं गणित आहे. बाहेरच्या फास्ट चार्जरवर दर बराच जास्त असतो. स्वतःचं पार्किंग, वेगळी 16 अँपिअरची लाइन आणि नीट अर्थिंग असेल तरच विचार करा. रामबागेतल्या जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडून चार्जिंग करायचा बेत असेल, तर आत्ताच सोडून द्या. जुन्या पेट्रोल गाडीत बॅटरी बसवणं आम्ही करत नाही; त्या खर्चात हिशेब बसत नाही.

पेट्रोलच ठेवणार असाल तर

आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. जुन्या धाटणीच्या चारचाकींचं अॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालाचा अंदाज होता. एप्रिल 2023 च्या आधीची, म्हणजे बहुधा या मिश्रणासाठी न बनवलेली गाडी असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी फ्युएल होज आणि रबरी सील तपासून घ्या. गाडी दोन-दोन महिने उभी राहत असेल तर नक्कीच.

किटच्या चौकशीला येताना आरसी, विम्याची पॉलिसी आणि पीयूसी आणा. आधीच्या सर्व्हिसिंगचं बिल असेल तर तेही; त्यावर मीटरचं रीडिंग असतं, महिन्याचे किलोमीटर त्यावरून लगेच निघतात. किट बसवायला गाडी पूर्ण दिवस ठेवावी लागते. डिकी रिकामी करून आणा.