हिंसक मोबाइल गेम आणि मुलांमधील आक्रमकता (ग्रामीण विदर्भ)

बंदूक, मारामारी किंवा हत्या हाच ज्यांच्या खेळाचा गाभा आहे असे व्हिडिओ गेम खेळल्याने मुले आणि तरुण अधिक आक्रमक होतात का, यावर मानसशास्त्रज्ञ, न्यायालये आणि पालक जवळपास पन्नास वर्षे वाद घालत आले आहेत. अमेरिकेत १९७६ साली ‘डेथ रेस’ या नाणे टाकून खेळायच्या गेमवरून पहिला मोठा गदारोळ झाला. ग्रामीण विदर्भात हा वाद घरोघरी पोहोचला तो २०१८ नंतर, स्वस्त डाटा आणि ‘पबजी’ यांच्या जोडीने. आजवरच्या संशोधनाचा कौल थोडक्यात असा : अशा गेममुळे गंभीर गुन्हे घडतात याला भक्कम पुरावा नाही, ओरडणे, ढकलाढकली अशा किरकोळ आक्रमकतेशी संबंध आढळतो, मात्र तो लहान आहे आणि किती लहान यावरच सगळी भांडणे आहेत. गावात ‘गेमनं पोट्टं बिघडवलं’ म्हणून जे सांगितले जाते, त्यात गोळीबारापेक्षा फोन, झोप आणि पैसा यांचाच वाटा मोठा दिसतो.

गावातले गेम

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, त्याआधी तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने ‘व्हाइस सिटी’ खेळणारी मुले होती. खेड्यात मात्र फोनवर साप फिरवण्यापलीकडे फारसे काही नव्हते. मार्च २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ जगभर खुला झाला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, शस्त्रे गोळा करतात, सुरक्षित वर्तुळ लहान होत जाते आणि शेवटी उरेल तो जिंकतो. हा डाव अर्धा तास चालतो आणि त्याला बरा फोन लागतो. गरेना कंपनीचा ‘फ्री फायर’ पन्नास जणांत, दहाएक मिनिटांत उरकतो आणि कमी रॅमच्या फोनवरही धावतो. कापसाचे चुकारे आल्यावर घेतलेला साधा अँड्रॉइड फोन घरात सगळ्यांना मिळून एकच असतो. अशा घरात ‘फ्री फायर’ का चालला, हे वेगळे सांगायला नको. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, ‘ऑनलाइन क्लास’च्या नावाने फोन मुलांच्या हाती गेला आणि शाळा उघडल्या तरी तो पुरता परत आला नाही. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांत मात्र अजूनही नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते, त्यामुळे ‘विदर्भातली मुले गेममध्ये बुडाली’ हे सरसकट विधान तिथे लागू होत नाही.

एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४५ अंशांकडे झुकला की खेळ मैदानातून सावलीत सरकतो. समाजमंदिराच्या ओट्यावर चार मुले चार फोन घेऊन बसतात आणि पाचवा-सहावा त्यांच्या खांद्यावरून पाहत असतो. ‘डाव्या खिडकीत हाय बे, मार!’, ‘थांब ना, लास्ट झोन हाय!’ बाहेरून ऐकणाऱ्याला हे भांडण वाटते, पण त्यांचे स्क्वॉड असते आणि चौघे एकाच बाजूने लढत असतात. पाहणाऱ्याला फोन कधी द्यायचा यावरून मात्र खरे भांडण होते. रब्बीत रानडुकरे आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून जागलीला गेलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगाही रात्रभर फोनवर असतो. गेम हीच त्याची सोबत आणि सकाळी शाळेत डोळे लाल. खेळणारे बहुतेक मुलगेच. मुलींच्या हाती फोन कमी येतो, त्यामुळे ही चर्चाही मुलग्यांभोवतीच फिरते.

संशोधन

वादाचे मूळ गेमच्याही आधीचे आहे. अल्बर्ट बंडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘बोबो’ नावाच्या फुगीर बाहुलीला मारणारी मोठी माणसे लहान मुलांना दाखवली. मुलांनी ती मारहाण हुबेहूब उचलली. मूल पाहून शिकते, तर करून किती शिकेल, हा पुढचा तर्क गेमबाबत मांडला गेला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रेग अँडरसन आणि ब्रॅड बुशमन हे या मताचे प्रमुख पुरस्कर्ते. अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या १ लाख ३० हजारांवर सहभागींचे निष्कर्ष एकत्र तपासले. हिंसक गेम आणि आक्रमक वर्तन यांच्यातला सहसंबंध त्यांना साधारण ०.१९ इतका आढळला. साध्या भाषेत, मुलामुलांतल्या आक्रमकतेच्या फरकापैकी साडेतीन टक्क्यांच्या आसपास भाग गेमशी जोडता येतो. क्रिस्टोफर फर्ग्युसन यांनी २०१५ मध्ये मुले व किशोरवयीनांवरच्या १०१ अभ्यासांचा असाच हिशेब मांडला, तेव्हा आकडा ०.०६ वर आला, म्हणजे अर्धा टक्काही नाही. दोघांनी बऱ्याच अंशी तेच साहित्य चाळले होते. फरक पडला तो कोणते अभ्यास धरायचे आणि मुलाचा मूळ स्वभाव, घरातली मारहाण, वय-लिंग या गोष्टी हिशेबातून किती वजा करायच्या यावरून.

त्याहून गमतीदार वाद मोजमापाचा आहे. प्रयोगशाळेत कुणाला कुणावर गोळी झाडू देता येत नाही; मग आक्रमकता मोजायची कशी? सर्वाधिक वापरली गेलेली रीत अशी : विद्यार्थी पंधरा-वीस मिनिटे गेम खेळतो, नंतर त्याला एका न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी बटण दाबण्याची शर्यत लावायला सांगतात. हरणाऱ्याच्या कानात कर्कश आवाज सोडायचा आणि तो किती मोठा, किती वेळ, हे जिंकणाऱ्याने ठरवायचे. प्रतिस्पर्धी मुळात नसतोच. जर्मन मानसशास्त्रज्ञ माल्टे एल्सन यांनी दाखवून दिले की या एकाच चाचणीचे गुण संशोधकांनी दीडशेहून अधिक वेगवेगळ्या प्रकारे मोजले आहेत. इतकी मोकळीक असली की हवा तो निष्कर्ष निघण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या एका रीतीत, तिखट न आवडणाऱ्या अनोळखी माणसाला खेळाडू किती जहाल सॉस वाढतो हे पाहतात. सावजी रस्सा ओरपणाऱ्या नागपूरकडे ही चाचणी आणली तर निकाल काय लागेल, हे सांगणे कठीण आहे.

तरी याच सॉसच्या चाचणीने एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. पॉल अडाची आणि टीना विलोबी या कॅनडातल्या संशोधकांनी २०११ मध्ये चुरस सारखीच असलेले एक हिंसक आणि एक अहिंसक, असे दोन गेम तुलनेला घेतले; खेळणाऱ्यांच्या आक्रमकतेत फरक पडला नाही. चुरस कमी-जास्त केल्यावर मात्र पडला. मोटारींची शर्यतही गोळीबाराइतकीच डोके तापवते. अँड्र्यू शिबिल्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याला जोड दिली : गेममध्ये हिंसा असो-नसो, खेळाडूला आपली पकड सुटल्यासारखे वाटले, नियंत्रणे जमली नाहीत, की चिडचिड वाढते. मुद्दाम अवघड केलेला, ठोकळे रचायचा ‘टेट्रिस’सुद्धा पुरे. अंतिम फेरीत लाइन गेली, नेटवर्क लटकले, आवाज तुटला आणि रँक घसरली, हा ज्यांचा रोजचा अनुभव आहे त्यांना हा निष्कर्ष पटवून द्यावा लागणार नाही. शहरातल्या वायफायवर खेळणाऱ्यापेक्षा गावातला खेळाडू अशा कारणाने जास्त वेळा हरतो, आणि कुणावर राग काढावा हेही त्याला कळत नाही.

प्रयोगशाळेबाहेर, तीच मुले वर्षानुवर्षे पाहणारे अभ्यास अधिक भरवशाचे. अशा २४ अभ्यासांतल्या, ९ ते १९ वयाच्या १७ हजारांहून अधिक मुलांचा आढावा २०१८ मध्ये आला. त्यात हिंसक गेम खेळणाऱ्यांत पुढे मारामारीचे प्रमाण किंचित वाढलेले दिसले. गोऱ्या मुलांत हा परिणाम सर्वांत जास्त, आशियाई मुलांत मधला, तर हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मुलांत नगण्य होता. म्हणजे मूल कोणत्या समाजात वाढते यालाही महत्त्व आहे. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या शिबिल्स्की यांनी नेटा वाइनस्टाइन यांच्यासह ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या १,००४ मुलांचा अभ्यास केला. काय मोजायचे आणि कसे, हे आधीच जाहीर करून ठेवले, गेमची हिंसा अधिकृत वयश्रेणीवरून ठरवली आणि मुलाच्या वागण्याबद्दल पालकांना विचारले. संबंध आढळला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपली भूमिका सुधारून म्हटले की ओरडणे-ढकलणे अशा वर्तनाशी लहान पण स्थिर संबंध आहे, मात्र हिंसक गुन्ह्यांचे खापर गेमवर फोडायला पुरेसा आधार नाही. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीनांना हिंसक गेम विकण्यावरचा कॅलिफोर्नियाचा कायदा ७ विरुद्ध २ मतांनी रद्द ठरवला होता. गेमचा खप वाढत असताना, १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर, अमेरिकेत तरुणांची हिंसक गुन्हेगारी उतरत गेली, हीही गोष्ट विसरून चालत नाही.

यातले बहुतेक अभ्यास स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या यंत्रावर खेळणाऱ्या मुलांचे आहेत. एका फोनवर चौघांचा हक्क असलेल्या घराला ते जसेच्या तसे लावणे धाडसाचे ठरेल.

घरातला तंटा

आई हाक मारते, ‘जेवाले चाल.’ मुलगा म्हणतो, ‘आत्ता येतो वं माय.’ तो येत नाही, कारण ऑनलाइन डाव मध्येच थांबवता येत नाही. उठला तर आपण मरतो, स्क्वॉड हरते आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर शिव्या खाव्या लागतात. मोठ्यांना ही गोष्ट सहसा ठाऊक नसते. तिसऱ्या हाकेला बाप येतो, फोन हिसकतो, मुलगा तो परत ओढतो आणि हात उगारला जातो. ‘गेमने तापट केले’ असे सांगितल्या जाणाऱ्या प्रसंगांची घडण बऱ्याचदा अशी असते, आणि समोर ‘फ्री फायर’ऐवजी लुडो असता तरी भांडण झालेच असते. डाव संपायला किती मिनिटे राहिली एवढे विचारले तरी निम्मा तंटा टळतो.

पैशाचा तंटा वेगळा. बंदुकीची ‘स्किन’ म्हणजे नवे रंगरूप, कपडे, नाच हे सगळे ‘डायमंड’ हे गेममधले चलन खऱ्या पैशाने विकत घेऊन मिळते. त्यांनी नेम सुधारतोच असे नाही, पण मित्रांत भाव वाढतो. बापाच्या फोनवर यूपीआय असते, पिन मुलाला ठाऊक असतो, कारण रिचार्ज तोच मारून देतो. बियाण्यासाठी ठेवलेल्या पैशातून दोन-तीन टॉप-अप गेले की घरात जो भडका उडतो, त्याचा गेममधल्या रक्तपाताशी काही संबंध नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे; हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसूनही तो चालू ठेवणे आणि हे साधारण बारा महिने टिकणे, अशा त्याच्या खुणा आहेत. गेम हिंसक आहे की नाही, हा निकष त्यात नाही. दारू पिऊन मारणारा बाप, कर्ज, शाळेतली हेटाळणी या गोष्टी मुलाच्या आक्रमकतेशी कितीतरी घट्ट जोडलेल्या आहेत. गेमकडे बोट दाखवणे मात्र सोपे पडते. ज्या घरात मूल खरोखर हाताबाहेर गेले आहे, त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा आहे.

बंदी

मार्च २०१९ मध्ये गुजरातेत राजकोट पोलिसांनी ‘पबजी’वर बंदी घालून खेळणाऱ्या तरुणांना पकडले. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी मोबाइल’ आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’ बंद केला. दोन्ही वेळा कारण दिले ते देशाच्या सुरक्षेचे, मुलांच्या मनाचे नव्हे. मुले ‘फ्री फायर मॅक्स’ या बंदीबाहेर राहिलेल्या आवृत्तीवर गेली. ‘पबजी’च्या जागी २०२१ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ आला, जुलै २०२२ मध्ये हटला, मे २०२३ मध्ये परतला. त्यात अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. मोठ्या भावाचा नंबर टाकला की ती मर्यादा गळून पडते. वर्धा आणि गडचिरोलीची दारूबंदी पाहिलेल्या, आणि चंद्रपूरची २०१५ मध्ये लागून २०२१ मध्ये उठलेली पाहिलेल्या प्रदेशाला बंदी आणि आडवाट यांचे नाते नवे नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बांशी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव करून अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली. देशभर त्याची बातमी झाली. त्या ठरावाची एक बाजू लक्षात घेण्यासारखी आहे : त्यात हिंसक आणि अहिंसक असा भेद नव्हता, तक्रार फोनबद्दलच होती, आणि वर मांडलेले संशोधन पाहता गावकऱ्यांचे निदान प्रयोगशाळेतल्या अनेकांपेक्षा नेमके म्हणावे लागते, उपाय कितपत टिकणारा हा भाग वेगळा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे गेम आणि त्यांच्या जाहिराती त्याने बंद केल्या. ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मात्र खेळ म्हणून मान्यता दिली. पानठेल्यावर बसून फोनवरच्या रमीत पैसे घालवणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाला हा कायदा लागतो. ओट्यावरचा ‘फ्री फायर’ त्याच्या बंदीत येत नाही.