परदेशप्रवासापूर्वीची आरोग्यतयारी

परदेशी निघण्याआधी लसी, नेहमीची औषधे, डॉक्टरांचे कागद आणि विमा यांची लावलेली व्यवस्था म्हणजे आरोग्यतयारी. प्रवासाच्या निदान चार ते सहा आठवडे आधी ती सुरू करावी. लशीचा गुण यायला दिवस लागतात आणि काही लशींच्या दोन मात्रांमध्ये ठरलेले अंतर पाळावेच लागते.

बडोद्याच्या मराठी माणसाला विलायत नवी नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले, तेच मुळी प्रकृतीसाठी. आज तिथल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातून लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघणारे आईवडील साठी ओलांडलेले असतात, आणि त्यांची तयारी फराळाच्या डब्यांपासून सुरू होते. ती औषधांच्या डब्यापासून व्हायला हवी.

तो डबा उघडला की कात्रीने कापलेल्या पट्ट्या निघतात. चार गोळ्या शिल्लक, पण औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख पट्टीच्या दुसऱ्या तुकड्यावर राहिलेली. अशी निनावी गोळी ना विमानतळावर दाखवता येते, ना तिकडच्या डॉक्टरला. म्हणून औषधे अखंड पट्टीत, बिलासह घ्यावीत. डॉक्टरांकडून इंग्रजीत छापील चिठ्ठी घ्यावी आणि तिच्यात कंपनीने दिलेल्या नावाशेजारी मूळ औषधाचे नाव लिहून घ्यावे. तेही कधी बदलते: आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन होते, दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल होते. अमेरिकेत पाहुण्याने साधारण ९० दिवसांपुरतीच औषधे न्यावीत असा तिथला दंडक आहे. मुक्काम सहा महिन्यांचा असेल, तर पुढची सोय काय हे मुलांशी आधीच बोलून ठेवावे.

इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत टाकू नये. विमानाच्या पोटात ते गोठू शकते, आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ते हातातल्या पिशवीतच हवे. द्रव पदार्थांवरची १०० मिलीची मर्यादा औषधांना लागू नसते, मात्र चिठ्ठी जवळ असावी.

घरात साधे वाटणारे औषध परक्या देशात गुन्हा ठरू शकते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी संयुक्त अरब अमिरातीत पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाही. खसखशीवरही तिथे आणि सिंगापुरात बंदी आहे. दिवाळीत दुबईच्या मुलाला अनारसे पाठवणाऱ्या आईने हे जरूर लक्षात ठेवावे.

लसी देशागणिक बदलतात. केनिया, युगांडाला जाणाऱ्यांनी पीतज्वराची (यलो फीव्हर) लस घ्यावी. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. तिचे पिवळे प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून आयुष्यभर चालते. ते नसेल, तर या देशांतून भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांकडे विद्यापीठे बहुधा गोवर-गालगुंड-रुबेला लशीच्या दोन मात्रांचा पुरावा मागतात. दोन्हींत किमान २८ दिवसांचे अंतर लागते, म्हणून बाळपणीचे लसीकरण कार्ड आधी शोधावे. लहानपणी बीसीजी ही क्षयाची लस टोचलेल्यांची क्षयाची त्वचाचाचणी क्षय नसतानाही सकारात्मक येऊ शकते. त्यांच्यासाठी रक्तचाचणी बरी.

युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. कुठल्याही देशासाठी विमा घेताना मधुमेह, रक्तदाब लपवू नये. ऐन वेळी दावा नाकारला जातो. दुखरी दाढ इथेच दाखवून घ्यावी, परदेशात दातांचा खर्च फार येतो.

हिवतापाच्या प्रदेशात जाणाऱ्यांना तो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे औषध दिले असेल, तर ते घरी परतल्यावरही चार आठवडे घ्यावे लागते. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना आधी देशाचे नाव सांगावे.