वावरातला श्रोता बोलतो कसा? पोस्टकार्डापासून व्हॉइस नोटपर्यंत

वऱ्हाडी बोलीत पॉडकास्ट, म्हणजे इंटरनेटवर हवं तेव्हा ऐकायचे बोलके कार्यक्रम, करणारी दोन-चार पोरं माझ्या ओळखीची आहेत. कोणी कपाशीवर बोलतं, कोणी स्पर्धा परीक्षांवर, एक जण जागलीला बसल्यावर सांगायच्या गोष्टी सांगतो. तक्रार मात्र सगळ्यांची एकच. आकडा दिसतो, माणूस दिसत नाही. शे-दोनशे जणांनी ऐकलं एवढं कळतं. कोणाला पटलं, कोण मधेच उठलं, कोणाचा प्रश्न तसाच राहिला, याचा पत्ता लागत नाही. ही तक्रार पॉडकास्टच्या जन्मापासूनची आहे. तिच्यावरचे उपाय मात्र आपल्या भागात त्याच्याही आधीपासून चालत आलेत, त्याची ही हकीकत.

आधी तक्रारीचं मूळ पाहू. पॉडकास्टची घडणच एकतर्फी. इंटरनेटवरच्या मजकुराची यादी दुसऱ्याच्या संगणकापर्यंत आपोआप पोचवणारी आरएसएस नावाची सोय होती. डेव्ह वाइनर यांनी २०००-०१ च्या सुमारास तिच्यात ध्वनिफीत जोडायची जागा केली. अॅडम करी यांनी २००४ मध्ये त्या फिती आपोआप आयपॉडवर, म्हणजे अॅपलच्या खिशात मावणाऱ्या गाणी ऐकायच्या यंत्रावर, उतरवण्याची व्यवस्था लोकप्रिय केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘गार्डियन’मधल्या लेखात बेन हॅमर्सली यांनी ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द वापरला, आणि जून २००५ मध्ये अॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. या सगळ्यात माल जातो तो एकाच दिशेनं. पेपरवाला अंगणात पेपर टाकून सायकल पुढं काढतो, तसा. वाचणाऱ्याला काही म्हणायचं असेल तर त्यानं मागं धावावं.

म्हणून सुरुवातीच्या पॉडकास्टवाल्यांनी परतीची वाट बाहेरून जोडली. ई-मेलचा पत्ता द्यायचा, निरोप रेकॉर्ड करायला फोन नंबर द्यायचा आणि आलेले निरोप पुढच्या भागात वाजवायचे. २०१३ मध्ये श्रोत्यांकडून नियमित वर्गणी घ्यायची पेट्रिऑन नावाची वेबसाइट आली आणि पैसे देणाऱ्या श्रोत्यांचा वेगळा गोतावळा तयार झाला. गाणी आणि पॉडकास्ट ऐकवणारं स्पॉटिफाय अॅप भारतात २०१९ मध्ये आलं. त्यावर प्रश्नोत्तरं आणि मतचाचणीची सोय २०२१ मध्ये, तर भागाखाली प्रतिक्रिया लिहायची सोय थेट २०२४ मध्ये आली. पानटपरीवर जे फुकट मिळतं ते मिळायला वीस वर्षं लागली म्हणायची.

आता आपल्याकडं येऊ. बोलणारा एक आणि ऐकणारे शंभर असले तरी ऐकणाऱ्यांनी तोंड उघडलंच पाहिजे, हा आग्रह विदर्भात गाडगेबाबांच्या कीर्तनात दिसतो. बाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. त्यांचं कीर्तन म्हणजे बरंचसं प्रश्नांची सरबत्ती. ते वऱ्हाडीत विचारत, समोरचा समाज उत्तर देई, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. मधे ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’चा गजर, तोही सगळ्यांनी मिळून. नुसतं ऐकून घरी जायची सोयच नव्हती. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनातही ध्रुपद उचलायला समोरची मंडळी लागतच. याला मी पॉडकास्टचा पूर्वज म्हणणार नाही, तेवढा ओढूनताणून संबंध लावायची गरज नाही. पण आपल्या श्रोत्याला सवय कशाची होती, हे यातून कळतं.

नंतर रेडिओ आला आणि समोरचा समाज दिसेनासा झाला. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. खेड्यात रेडिओ असायचा एखाद्याच घरी, नाहीतर ग्रामपंचायतीत. लोक भोवती बसून ऐकत, आपसांत वाद घालत, पण तो वाद नागपूरला ऐकू जात नसे.

ही अडचण ओळखून केलेला पहिला मोठा प्रयोग मराठी मुलखातलाच. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत ‘रेडिओ शेतकरी मंडळं’ बसवली. कॅनडात असा उपक्रम आधी झाला होता, तो नमुना समोर होता. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम. गावात वीसेक जणांनी एकत्र बसून ऐकायचं, संपल्यावर चर्चा करायची, आणि मंडळाच्या संयोजकानं चर्चेतले प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं मिळत. पॉल न्यूरथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत या प्रयोगाचं मूल्यमापन केलं. मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांची माहिती, मंडळं नसलेल्या गावांपेक्षा चांगलीच वाढल्याचं त्यात दिसलं.

विदर्भ त्या प्रयोगात नव्हता, कारण तेव्हा तो त्या राज्यातच नव्हता. आपले आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले १ नोव्हेंबर १९५६ ला, प्रयोग उरकल्यावर. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेली गेली, पण पसरली तशी पातळ झाली. मला यातलं महत्त्वाचं पात्र वाटतो तो संयोजक. रेडिओ सरकारचा, प्रश्न कास्तकाराचे. पण दहा जणांचं एकाच वेळचं बोलणं ऐकून, त्यातला नेमका सवाल कागदावर उतरवून टपालात टाकणारा माणूस गावातला होता. तो नसता तर दीडशे गावांत नुसते दीडशे रेडिओ वाजले असते.

मंडळांपेक्षा लोकांच्या ध्यानात राहिली ती फर्माईश, म्हणजे आवडीचं गाणं लावा म्हणून धाडलेलं पत्र. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला कात्री लागली. श्रोते श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडं वळले. त्याच वर्षअखेर अमीन सयानी यांचा सिनेगीतांचा कार्यक्रम, ‘बिनाका गीतमाला’, तिथून सुरू झाला. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि पुढं आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेली, असं सयानी स्वतः सांगत. १९५७ मध्ये आकाशवाणीनं विविध भारती काढली, ती या ओढीला उत्तर म्हणूनच. आजच्या झारखंडातलं झुमरी तलैया हे गाव देशाला माहीत झालं ते निव्वळ फर्माइशी पोस्टकार्डांच्या जोरावर.

फर्माइशीतलं गाणं बहुतेक वेळा तसंही लागणारच असे. पोस्टकार्ड टाकलं जाई ते नावासाठी. निवेदकानं आपलं नाव, मागोमाग बायकापोरांची नावं आणि शेवटी गावाचं नाव वाचलं की दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर चार लोक विचारत, “काल तुमचं नाव आलं होतं न जी?” एवढ्यासाठी लोकांनी श्रोता संघ काढले, त्यांचे रबरी शिक्के बनवले. १९९० च्या दशकात दूरदर्शनच्या ‘सुरभि’ला प्रश्नमंजुषेच्या उत्तरांची इतकी पोस्टकार्डं जात की सवलतीच्या दरातलं साधं कार्ड टपाल खात्याला परवडेना, स्पर्धांसाठी वेगळं, महाग कार्ड काढावं लागलं.

फोन-इन कार्यक्रमांनी आवाज थेट नेला, पण गावात फोनच मोजके, आणि लाइन लागणं नशिबाचा भाग. चित्र पालटलं मोबाइलनं, त्यातही २००३ पासून आलेला कॉल फुकट झाल्यावर. त्यातून निघाली मिस्ड कॉलची रीत. ‘पोचलो’, ‘बंडी घेऊन ये’, ‘मोटर चालू कर’, सगळं एका रिंगमध्ये.

या रितीवर शुभ्रांशू चौधरी यांनी २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वर’ उभं केलं. ठरलेल्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून उलट फोन येई. आपलं म्हणणं रेकॉर्ड करायचं तर एक दाबा, दुसऱ्यांचं ऐकायचं तर दोन. आलेलं बोलणं माणसं तपासून मग सर्वांसाठी खुलं करत. गोंडीत बोललं तरी चाले. गडचिरोलीच्या सीमेपलीकडची ही गोष्ट. भाषा मात्र सीमेच्या दोन्हीकडं तीच. पुढं याच मंडळींनी जिथं नेटच नाही तिथं ब्लूटूथनं एका फोनमधून दुसऱ्यात कार्यक्रम पोचवण्याचा ‘बुलटू रेडिओ’ चालवला. अंगात इंटरनेट नसलेलं पॉडकास्टच ते, फक्त त्याला कान होते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. व्हॉट्सअॅपवर आवाजी निरोपाची सोय २०१३ पासून होती. खेड्यात ती खऱ्या अर्थानं चालली ती यानंतर. टायपिंग नको, शुद्धलेखनाची लाज नको, वऱ्हाडी बोललं की वऱ्हाडीच जातं. लिहिता न येणाऱ्या श्रोत्याला ही पहिलीच बिनमध्यस्थाची वाट होती. मध्यस्थ गेला तसं त्याचं कामही पॉडकास्टवाल्याच्या गळ्यात पडलं. माझ्या ओळखीचा कपाशीवाला पोरगा सांगतो की भाग बनवायला एक संध्याकाळ लागते आणि आलेल्या व्हॉइस नोट ऐकायला दोन. त्यात वारा असतो, फवारणी पंपाची घरघर असते, अर्धा मिनिट नुसतं “हालो, हालो” असतं, आणि मग एकदम कामाचं वाक्य येतं: “भाऊ, तुमी कामगंध सापळे लावा म्हनता, पन आमच्या तालुक्याच्या दुकानात ते भेटतच नाही, मंग लावाचं काय?” (कामगंध सापळे म्हणजे वासानं किडीचे पतंग ओढून पकडणारे सापळे.) त्यानं ही नोट पुढच्या भागात जशीच्या तशी वाजवली आणि एका कृषी सहायकाला उत्तर द्यायला बसवलं. त्या भागावर सगळ्यात जास्त निरोप आले, आणि त्यातले निम्मे सापळ्यांबद्दल नव्हतेच. “तो आवाज आमच्या गावच्या मानसाचा हाय काय?” एवढंच विचारायचं होतं.

त्याच्याच सांगण्यावरून मागच्या हंगामात मी एका वावरात गेलो. वेचणी चालू होती. आठ बाया आणि एक फोन. फोन एकीच्या ओटीत, कापसात अर्धा बुडालेला, स्पीकर मोठा केलेला. अॅपच्या हिशेबी तो एक श्रोता. लिंक दाबा, खाली लिहा, सबस्क्राइब करा, हे सगळं त्यांच्या कानावरून जात होतं, कारण हात मोकळा कोणाचाच नव्हता. पोरगा हे आता शिकलाय. शेवटी तो जुन्या निवेदकांसारखा सावकाश, एकेक आकडा सुटा करून, दोनदा नंबर सांगतो. तो सांगू लागला तशी ओटीवाली बाई थांबली नाही, वेचता वेचताच शेजारणीला म्हणाली, “पहिले पाच मी ध्यानात ठेवतो, पुढचे पाच तू ठेव.”