लाईट गेल्यावर संगणक स्वतःला बंद कसा करतो?

कोकणात मिरग लागला की लाईट जाणं ठरलेलंच. मच्छीमार सोसायटीच्या बंद ऑफिसात रात्री यूपीएस बीप करत बसतो, बॅटरी उतरत जाते आणि दिवसभरातल्या डिझेलच्या नोंदी असलेला संगणक तसाच चालू असतो. तिथे माणूस नाही, म्हणून बंद करण्याचं काम प्रोग्रॅमनेच करायला हवं. यूपीएसची यूएसबी वायर जोडली की बॅटरी किती उरली ते त्याला कळतं.

पण एका फटक्यात बंद करणं धोक्याचं. फाईल सेव्ह केली तरी ती लगेच डिस्कवर जातेच असं नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ती साधारण ३० सेकंद मेमरीतच राहू शकते. म्हणून आधी प्रत्येक प्रोग्रॅमला ‘आवरा’ असा सिग्नल जातो, क्रमांक १५. बहुतेक लिनक्समध्ये त्यासाठी ९० सेकंदांची मुदत असते. तरी न आवरणाऱ्याला सिग्नल ९, आणि तो कुणालाच अडवता येत नाही. मग डिस्क अनमाउंट होते, म्हणजे उरलेलं सगळं लिहून सिस्टीमपासून सुटी होते, आणि अगदी शेवटी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ‘रीबूट’ हा कॉल जातो; नाव रीबूट असलं तरी बंद करण्याचं कामही त्याचंच.

हा कॉल बघण्यासारखा आहे. तो रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराशिवाय चालत नाही, शिवाय चुकून लागू नये म्हणून दोन ठरावीक आकडे मागतो. पहिला हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे ए ते एफ ही अक्षरंही आकडे म्हणून वापरणाऱ्या १६ च्या पद्धतीत, लिहिला की इंग्रजीत ‘फील डेड’ असं वाचता येतं. दुसरा ६७२२७४७९३. हाच हेक्साडेसिमलमध्ये २८१२१९६९ होतो: लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची जन्मतारीख, २८ डिसेंबर १९६९!

पुढच्या आकड्यावरून काय करायचं ते ठरतं. ‘हॉल्ट’ म्हटलं तर काम थांबतं, पण वीज चालूच राहते आणि यूपीएसची बॅटरी फुकट जाते. आपल्याला हवं ‘पॉवर ऑफ’.

आता खरी मेख. संगणक बंद झाला आणि यूपीएस संपण्याआधीच लाईट आली तर? संगणकाच्या लेखी वीज गेलीच नव्हती, त्यामुळे बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, ‘वीज परतल्यावर सुरू हो’ असं ठेवलेलं असूनही तो उठत नाही. यावर उपाय चांगल्या यूपीएसमध्ये असतो. बंद होता होता प्रोग्रॅम त्याला सांगून ठेवतो, ‘थोड्या वेळाने तूही बंद हो, आणि लाईट असेल तर पुन्हा सुरू हो.’ मग संगणकाला वीज गेल्याचं आणि परतल्याचं कळतं, आणि सकाळी सेक्रेटरी येईपर्यंत तो चालू झालेला असतो.