पीयूसी आहे म्हणजे गाडी फिट आहे?

नाक्यावर पोलिसानं हात केला की दुचाकीवाला आधी लायसन्स काढतो, मग पीयूसीचा कागद, आणि वर ठणकावून सांगतो, "गाडी एकदम फिट हाय साहेब, परवाच पीयूसी काढलीया." दोन्ही गोष्टी खऱ्या असतीलही, पण दुसरी ही पहिलीचा पुरावा नव्हे. सायलेन्सरमधून काय बाहेर पडतं, एवढंच पीयूसी सांगते. गाडी वेळेवर थांबते का, सरळ धावते का, अंधारात मागच्याला दिसते का, याचा कागद वेगळा. सरकारी भाषेत ते योग्यता प्रमाणपत्र, रिक्षा आणि ट्रकवाल्यांच्या तोंडी फिटनेस किंवा नुसतं पासिंग. पैलवानाचा दम चांगला आहे म्हणून त्याचा गुडघा धड आहे असं तालमीतला वस्ताद कधी म्हणणार नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण तेच म्हणत असतो.

आधी पीयूसी, कारण ती सगळ्यांच्या ओळखीची. नवी गाडी घेतल्यापासून पहिलं वर्ष ती लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ (धुराच्या सरकारी मर्यादांच्या पायऱ्या, आकडा जितका मोठा तितकी गाडी नवी) गाड्यांना वर्षातून एकदा, त्याहून जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी. पेट्रोल गाडी उभ्या जागी चालू ठेवून नळी सायलेन्सरमध्ये घालतात आणि कार्बन मोनॉक्साइड किती टक्के, हायड्रोकार्बन किती पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, हे मोजतात. बीएस-४ पेट्रोल कारला मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम अशी आहे. डिझेलची तऱ्हा वेगळी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा आणि बाहेर पडणाऱ्या धुरातून प्रकाश किती अडतो ते यंत्रानं बघायचं. मग नंबरप्लेटचा फोटो, ऑनलाइन नोंद, आणि काम संपलं. चहा निवायच्या आत होतं.

हे सगळं निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. तो कागद आपण घडी घालून डिकीत कोंबतो, ही खरी चूक. त्यावरचे आकडे मागच्या वर्षीच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल तर इंजिनात पेट्रोल जास्त आणि हवा कमी जातेय. एअर फिल्टर तुंबलेला असेल किंवा कार्बोरेटरची सेटिंग बिघडली असेल. हायड्रोकार्बन वाढला असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे प्लगकडे बघा. चांगला मिस्त्री एवढ्यावरून निम्मं निदान करतो. पण हे निदान इंजिनाचं. टायर गोटा झालेत, मागच्या ब्रेकचा लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, झिजून गेलाय, हँडलचं बेअरिंग सैल आहे, अशी गाडी पीयूसीत आरामात पास होते, कारण तिथं चाक एक फूटही फिरत नाही.

सर्वांत बोलकं उदाहरण फटाके वाजवणाऱ्या बुलेटचं. सायलेन्सर बदलून अख्ख्या पेठेची झोप उडवणारी बुलेट वायूंच्या तपासणीत नापास व्हायला हवी असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. ते यंत्र वायू मोजतं, आवाज नाही. बदललेला सायलेन्सर हा कायद्यानं वेगळा गुन्हा आहे आणि त्यासाठी पोलिसांनाच रस्त्यावर उभं राहावं लागतं.

आता फिटनेस. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५६ सांगतं की वाहतूक वाहनाला, म्हणजे ट्रक, टेम्पो, रिक्षा, बस, वडापच्या जीप, टॅक्सी, स्कूल बस यांना हे प्रमाणपत्र हवंच. नव्या वाहनाला पहिली दोन वर्षं. पुढं वाहन आठ वर्षांचं होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. तपासायचं काय, याचा तक्ता केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ६२ मध्ये आहे. हेडलाइटचा झोत, बाकीचे दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, काच, वायपर, हॉर्न, सायलेन्सर, स्पीडोमीटर, स्टिअरिंग, ब्रेक. आणि याच तक्त्यात एक ओळ धुराची. म्हणजे पीयूसीत जे बघतात ते फिटनेसच्या पोटात आधीच आहे, पण फिटनेसमधलं बाकी काहीही पीयूसीत नाही. दोन्हींतला फरक एका वाक्यात हवा असेल तर हा घ्या.

ब्रेक कसा तपासायचा, यावर महाराष्ट्रात बराच खल झाला. निरीक्षकानं गाडीभोवती फेरी मारून शिक्का दिला, अशा तक्रारी होत्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २५० मीटरच्या ट्रॅकवर गाडी पळवून, ब्रेक मारून बघितल्याशिवाय फिटनेस द्यायचा नाही असं ठरलं. ट्रॅकवर गाडी थांबते की नाही ते कळतं. पण कुठलं चाक किती जोर लावतंय ते कळत नाही. त्यासाठी रोलर लागतो. स्वयंचलित तपासणी केंद्रात चाकं रोलरवर चढवतात, मोटार रोलर फिरवते, ड्रायव्हर ब्रेक दाबतो, आणि प्रत्येक चाकाची पकड वेगवेगळी नोंदली जाते. डाव्या-उजव्या चाकात फरक असेल तर तो इथं उघडा पडतो. कोरड्या रस्त्यावर हा फरक जाणवतही नाही. पावसात मात्र ब्रेक दाबला की ट्रक एका बाजूला खेचला जातो. दुसऱ्या एका यंत्रावर चाक हलवून किंगपिन, बॉल जॉइंट हे चाकाचे सांधे किती सैल आहेत ते खालून बघता येतं. अशा केंद्रांसाठी केंद्र सरकारनं २०२१ मध्ये नियम केले.

कोल्हापूरला या यंत्राची गरज बाकी कुणापेक्षा जास्त आहे असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण नकाशात आहे. इथून कोकणात उतरायचं तर आंबा घाट, करूळ, भुईबावडा, फोंडा किंवा आंबोली. गगनबावड्यापर्यंत गाडी निवांत जाते आणि पुढं रस्ता एकदम खाली सुटतो. भरलेला ट्रक उतारावर पायाच्या ब्रेकवर सोडला तर ड्रम तापत जातो. ड्रम तापला की लायनरची पकड कमी होते, म्हणून ड्रायव्हर आणखी दाबतो, म्हणजे आणखी तापतो. एअर ब्रेक असेल तर सारखा दाबून-सोडून टाकीतला हवेचा दाबही उतरतो. 'ब्रेक फेल झाले' अशी बातमी येते तेव्हा पुष्कळदा एखादी वस्तू तुटलेली नसते. ब्रेक तापून थकलेले असतात. लायनर आधीच पातळ असेल, एका चाकाचं ॲडजस्टमेंट ढिलं असेल तर हे चार वळणं आधी घडतं. जुने ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं म्हणतात ते यासाठीच, आणि डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्याला ते मूर्ख म्हणतात तेही यासाठीच.

अर्थात फिटनेस तपासणी रिकाम्या गाडीची होते, आणि घाट भरलेली गाडी उतरते. शिवाय ती एका दिवसाची तपासणी. पासिंगला नेताना चांगले टायर चढवायचे आणि परत आलं की जुने लावायचे, हा उद्योग कुठल्याही ट्रक अड्ड्यावर ऐकायला मिळतो. त्यात टायरवाल्याचा, एजंटचा आणि मालकाचा तिघांचाही फायदा असतो. तोटा फक्त पुढच्या वळणावर समोरून येणाऱ्याचा. म्हणून फिटनेसचा कागद म्हणजे त्या दिवशी गाडी बरी होती इतकंच. तरी तो पीयूसीपेक्षा कितीतरी अधिक सांगतो.

ऊस हंगामाचं एक वेगळं दुखणं आहे. शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीर, कुठल्याही रस्त्यावर रात्री दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं असतो आणि मागचा दिवा उसाच्या वाढ्याखाली झाकलेला असतो. मागून येणाऱ्याला तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. इथं अपघात टाळणारी गोष्ट रोलरही नाही आणि पीयूसीचं वायू मोजणारं यंत्रही नाही, ती आहे काही रुपयांची लाल रिफ्लेक्टर पट्टी. शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर वाहतूकेतर गटात मोडतो, त्यामुळं ट्रकसारखा ठरलेल्या मुदतीनं निरीक्षकापुढं उभा राहत नाही.

दंडाच्या बाबतीत मात्र कायद्यानं जरा उलटीच तऱ्हा करून ठेवलीय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या मर्यादा मोडणाऱ्यासाठी कलम १९० (२) मध्ये १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. वाहतूक वाहनाला फिटनेस नसेल तर कलम ५६ प्रमाणे त्याची नोंदणीच वैध धरली जात नाही, म्हणजे ते विनानोंदणी वाहन ठरतं; त्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड ५,००० पर्यंत. (रस्त्यावर तडजोडीनं भरायची रक्कम राज्य ठरवतं, ती वेगळी.) आकडे बघून पीयूसी जास्त गंभीर वाटते. पण अपघात झाल्यावर चित्र फिरतं. पीयूसी नव्हती म्हणून विम्याचा दावा नाकारता येत नाही, असं विमा नियामक आयआरडीएआयनं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. व्हॉट्सॲपवर उलटं फिरत असतं, ते खोटं. फिटनेस संपलेल्या ट्रकचं तसं नाही. तिथं विमा कंपनी जबाबदारी झटकायला बघते आणि मालकाला अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या खेपा सुरू होतात.

आता आपली, म्हणजे पांढऱ्या नंबरप्लेटवाल्यांची गोष्ट. परिवहनच्या ॲपवर स्वतःच्या गाडीचा नंबर टाका. फिटनेसपुढं एक तारीख दिसते, नोंदणीपासून पंधरा वर्षांची. जुनी गाडी घेणारा ती तारीख बघून खूश होतो, "फिटनेस २०३३ पर्यंत हाय की!" त्या तारखेमागं कुठलीही तपासणी नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, तीच तारीख तिथं छापलेली असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापुरात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. इंजिन खोललं, तेल बदललं, गाडी चालू झाली, पीयूसीही मिळाली. ब्रेकच्या पायपा आतून गंजल्या का, एअरबॅगची वायरिंग ओली राहिली का, हे मालकानं स्वतःहून बघितलं तरच. सेकंडहँड बाजारात त्या गाडीच्या ॲपवरची तारीख मात्र जशीच्या तशी.

प्राणघातक अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो आणि ब्रेक, स्टिअरिंग चालू होतं का याचा अहवाल देतो. कलम १३६ मध्ये अशा तपासणीची तरतूद आहे. पुष्कळ खासगी गाड्यांचे ब्रेक शोरूममधून बाहेर पडल्यावर कुणा सरकारी माणसानं बघण्याची ती पहिली वेळ असते.

तेव्हा पंधरा वर्षं वाट बघण्यात अर्थ नाही. उद्यमनगरात ज्या शहरानं ऑइल इंजिनं घडवली त्या शहरात ब्रेक ड्रम उघडून दाखवणारा मिस्त्री मिळत नाही असं कुणी म्हणू नये. सर्व्हिसिंगला गाडी टाकली की आपण ऑइल, फिल्टर आणि वॉशिंग एवढंच बोलतो. त्याऐवजी सांगावं, चारही चाकं काढा आणि पॅड-लायनर मला दाखवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात आणि आपण पाच वर्षं बदलत नाही. टायरच्या नक्षीची खोली कारला किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीला ०.८ मिलिमीटर हवी. खाचेत छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. आणि भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइटचा झोत बघा. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा झोत पीयूसीत कुणी बघत नाही, आणि आपल्याला तर तो कधीच दिसत नाही.

पंधरा वर्षं पूर्ण होत आली की नोंदणी नूतनीकरणासाठी मुदतीच्या आधी साठ दिवसांत अर्ज करता येतो. तेव्हा गाडी प्रत्यक्ष निरीक्षकापुढं न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि पास झाली तर पुढची पाच वर्षं मिळतात. तिथं फाइलला विम्यासोबत चालू पीयूसीही जोडावी लागते. ती संपलेली असेल तर ताराबाई पार्कातल्या आरटीओला जायच्या आधीच काढून घ्या.