ग्रुप की मेल मर्ज? यादी तीच, काम वेगळं

एक्सेलमध्ये दीडशे जणांची यादी तयार आहे आणि सगळ्यांना मेल पाठवायचा आहे. इथून दोन वाटा फुटतात. एक, ती यादी जीमेल, आउटलुक किंवा थंडरबर्डच्या ॲड्रेस बुकमध्ये इम्पोर्ट करून तिचा ग्रुप बनवायचा. दुसरी, मेल मर्ज: एकाच मजकुरात ज्याचं त्याचं नाव किंवा तपशील आपोआप भरून प्रत्येकाला वेगळा मेल. दोन्हींची सुरुवात त्याच शीटपासून होते, त्यामुळे बऱ्याच जणांना ते एकच काम वाटतं. मग कोणी तासभर खपून इम्पोर्ट उरकतो आणि 'प्रिय'पुढे ज्याचं त्याचं नाव आपोआप का येत नाही म्हणून डोकं धरून बसतो. कोणी बैठकीची वेळ कळवण्याएवढ्या कामासाठी मर्जचा सगळा घाट घालतो.

ग्रुपला पाठवलेला मेल एकच असतो, पत्ते तेवढे अनेक. मर्जमध्ये शीटच्या प्रत्येक ओळीचा वेगळा मेल तयार होतो आणि तो एकाच माणसाला जातो. पाठवून झाल्यावर सेंट फोल्डर उघडून बघा: ग्रुपच्या वेळी तिथे एक मेल दिसेल, मर्जच्या वेळी दीडशे.

याहून कमी लक्षात येणारा फरक यादीचा आहे. इम्पोर्ट केलं की शीटमधल्या पत्त्यांची नक्कल ॲड्रेस बुकमध्ये जाते आणि तिथून पुढे दोघांचा संबंध संपतो. उद्या शीटमध्ये कोणाचा पत्ता बदललात, तरी ग्रुपमध्ये जुनाच राहतो. पुन्हा सगळी फाइल इम्पोर्ट केली, तर जुनी नोंद पुसली जाईलच असं नाही. एकाच माणसाच्या दोन नोंदी होऊन बसू शकतात. मर्जमध्ये ॲड्रेस बुकचा संबंधच येत नाही. मर्ज करतेवेळी सेव्ह केलेल्या शीटमध्ये जे असेल, ते जातं. म्हणून यादी सतत बदलत असेल, तर ग्रुप सांभाळणं हे आपसूक न होणारं, वेगळं काम आहे हे धरूनच चाला.

आता ग्रुप. बहुतेक ठिकाणी एक्सेलची फाइल थेट चालत नाही, सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) लागते. सेव्ह करताना साधा सीएसव्ही न निवडता 'सीएसव्ही यूटीएफ-8' निवडा, नाहीतर देवनागरीत लिहिलेल्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा येतात. सीएसव्हीत फक्त उघडी असलेली शीट जाते. दुसऱ्या टॅबवर आणखी पत्ते असतील, तर ते मागे राहतात. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं हवीत, तीही प्रोग्रामला ओळखता येतील अशी. आउटलुकमध्ये 'मॅप कस्टम फील्ड्स' नावाचं बटण असतं, तिथे कुठला रकाना कशात जाणार ते हाताने जुळवता येतं. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये इम्पोर्ट झालेली नावं 'इम्पोर्टेड ऑन' अशा तारखेच्या लेबलखाली येतात. त्या लेबलला नीट नाव दिलं की तोच तुमचा ग्रुप. थंडरबर्डमध्ये मात्र इम्पोर्टनंतर मेलिंग लिस्ट वेगळी बनवावी लागते.

आणि ग्रुपचं नाव 'टू'मध्ये नाही, 'बीसीसी'मध्ये टाका, म्हणजे पत्ते एकमेकांना दिसत नाहीत. 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता ठेवा. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दीडशे लोकांनी आपला पत्ता तुम्हाला दिलेला असतो, एकमेकांना नव्हे. 'टू' किंवा 'सीसी'मध्ये ग्रुप टाकलात, की प्रत्येकाच्या हाती उरलेल्या सगळ्यांचे पत्ते पडतात, आणि एकदा गेलेली यादी परत घेता येत नाही. शिवाय कोणीतरी 'रिप्लाय ऑल' दाबतो आणि त्याचं 'मी येणार नाही' सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतं. बीसीसीत तसं होत नाही. 'रिप्लाय ऑल' दाबलं, तरी उत्तर बीसीसीतल्या बाकीच्यांकडे जात नाही.

एकदाच पाठवायचं असेल, तर इम्पोर्टचीही गरज नाही. ईमेलचा रकाना कॉपी करून बीसीसीत पेस्ट केला, तरी अनेकदा भागतं. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांमधलं टेक्स्टजॉइन हे फंक्शन सगळे पत्ते एका सेलमध्ये स्वल्पविराम घालून जोडूनही देतं. आउटलुकला स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम लागतो.

मेल मर्ज कधी? प्रत्येकाच्या मेलमध्ये एक जरी गोष्ट वेगळी असेल तेव्हा: नाव, बाकी रक्कम, परीक्षेचा आसन क्रमांक, भेटीची वेळ. बाकी रक्कम तर ग्रुपने कळवताच येत नाही. ती कळवायची, तर मर्जच.

वर्डमध्ये 'मेलिंग्ज' टॅबवर जाऊन ईमेल हा प्रकार निवडायचा, शीट जोडायची, मजकुरात जिथे नाव किंवा रक्कम हवी तिथे मर्ज फील्ड (शीटमधल्या रकान्यासाठी राखलेली जागा) घालायचं आणि शेवटी 'फिनिश अँड मर्ज'. मेल प्रत्यक्षात कॉम्प्युटरवरच्या क्लासिक आउटलुकमधून जातात, त्यामुळे ते बसवलेलं आणि चालू खातं जोडलेलं लागतं. या रस्त्याने अटॅचमेंट लावता येत नाही, सीसी-बीसीसीही नाही, आणि विषयाची ओळ सगळ्यांना एकच जाते. जीमेलमध्ये वर्कस्पेसच्या (गूगलची संस्था-कंपन्यांसाठीची सेवा) काही पैसे भरून घेतलेल्या प्लॅन्समध्ये मर्ज आहे. तिथे पत्ते थेट गूगल शीट्समधून घेता येतात आणि प्रत्येक मेलखाली अनसबस्क्राइबची, म्हणजे यादीतून नाव काढून घेण्याची, लिंक आपोआप लागते.

मर्जमधल्या चुका ग्रुपपेक्षा वाईट असतात, कारण त्या खाजगी असतात. ग्रुपमध्ये एखादा पत्ता चुकला, तर तेवढा मेल परत येतो. मर्जमध्ये ओळ चुकली, तर एकाची बाकी दुसऱ्याला कळते. हे घडतं कसं, ते बघण्यासारखं आहे. शीटमध्ये नावांचा रकाना तेवढा निवडून कोणी तो अक्षरक्रमाने लावतो. एक्सेल विचारतं, बाजूचे रकानेही सोबत घ्यायचे का? घाईत 'नाही' म्हटलं जातं. नावं हलतात, पत्ते आणि रकमा जागेवरच राहतात. शीट दिसायला व्यवस्थित दिसते, कुठे लाल खूण नाही, आणि प्रत्येक ओळ मात्र चुकीची झालेली असते. म्हणून मर्जआधी मधल्याच कुठल्या तरी चार-पाच ओळी मूळ कागदाशी ताडून बघा. फक्त पहिली ओळ बघून समाधान मानू नका, ती योगायोगानेही बरोबर असू शकते.

दुसरी फसगत फिल्टरची. शीटवर फिल्टर लावून फक्त थकबाकीदार दिसतायत, म्हणून वर्डला तेवढेच मिळतील असं वाटतं. वर्ड लपलेल्या ओळीही घेतं, आणि पैसे भरलेल्यांनाही तगादा जातो. गाळणी वर्डच्याच 'एडिट रेसिपियंट लिस्ट'मध्ये लावा, नाहीतर हव्या त्या ओळी वेगळ्या शीटवर कॉपी करा. तारखा आणि रकमांकडेही लक्ष असू द्या: एक्सेलमधलं फॉरमॅटिंग वर्डमध्ये येत नाही, तारखेत महिना आधी येऊ शकतो. एक्सेलमध्येच टेक्स्ट फंक्शन (तारीख किंवा रक्कम हव्या त्या रूपात मजकूर करून देणारं) वापरून वेगळा रकाना केला, तर हा त्रास मिटतो. आणि सगळं झाल्यावरही आधी तीन ओळींची शीट करून, तिच्यात पत्त्याच्या जागी स्वतःचाच पत्ता घालून, एकदा पाठवून बघा.

पत्ते साफ करणं दोन्हीकडे लागतंच: शेवटी राहिलेली मोकळी जागा, एका सेलमध्ये कोंबलेले दोन पत्ते, 'डॉट कॉम'ऐवजी 'डॉट कॉन'. ट्रिम फंक्शन साध्या मोकळ्या जागा काढतं, पण वेबपेजवरून कॉपी होऊन आलेली एक वेगळ्या जातीची मोकळी जागा त्याला दाद देत नाही. ती फाइंड-रिप्लेसने काढावी लागते.

मर्यादाही दोन्हींना आहेत. साध्या जीमेल खात्यावरून एका मेलला 500 च्या वर पत्ते चालत नाहीत आणि दिवसाला 500 च्या वर मेलही जात नाहीत. म्हणजे ग्रुप ऐवजी मर्ज करून ही मर्यादा चुकवता येत नाही. वर्कस्पेसमध्ये दिवसाला 2000 मेल, मर्जने 1500. दिवसाला 5000 च्या आसपास किंवा त्याहून जास्त मेल जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी 2024 पासून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडून आला का हे पडताळणाऱ्या व्यवस्था) आणि जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर अनसबस्क्राइबची सोय बंधनकारक झाली आहे. यादी तेवढी मोठी असेल, तर ग्रुपही नको आणि वर्डचं मर्जही नको. त्यासाठी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणारी वेगळी सेवाच घ्यावी.